शंभर टक्के बंद

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. मुलीपाशी नाही, बहिणीपाशी नाही. कानबाईपुढे हात जोडून बसते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही — तिच्यापुढे तर मुळीच नाही, कारण तिची खोटी आण घेऊन बसले आहे मी. तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणूनच बरं.

आधीच सांगून ठेवते, मी रडणार नाहीये. आणि कुणी 'बिचारी' म्हणायला लागलं तर तिथल्या तिथे उठून जाईन. मागच्या वर्षी नाना गेले. नाना म्हणजे माझे मालक — सगळं चाळीसगाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही नानाच म्हणायचे. तेव्हा दारावर बसायला आलेल्या बायका काय म्हणाल्या माहीत आहे? "अक्का, तू व्हती म्हनीसन नाना इतला जगना. सावित्री शे तू, सावित्री." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं, रडतेय.

सावित्री! हं.

तर नानांची पिठाची गिरणी होती. होती म्हणजे अजूनही आहे, आता भाड्यानं दिलीय. माणूस धिप्पाड, आवाज असा की गिरणी चालू असताना रस्त्यापलीकडच्या माणसाशी गप्पा मारायचा. गव्हाचं पोतं एका झटक्यात खांद्यावर. आणि एक दिवस ते पोतं अर्ध्यात टाकून खाली बसले. छातीत आवळल्यासारखं झालं म्हणाले. मग जिना चढताना तेच, मग जेवून चार पावलं टाकली की तेच. जळगावला नेलं. मनगटातून नळी घालून हृदयाच्या नसांचा फोटो काढला.

तिथल्या डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. उजवीकडची मोठी नस मध्येच तुटल्यासारखी दिसत होती. थोडी दिसायची, मग काहीच नाही. "शंभर टक्के बंद आहे," ते म्हणाले, "आणि आजची नाही, फार जुनी." मी विचारलं, मग हा माणूस जिवंत कसा? ते हसले. म्हणाले, डाव्या बाजूच्या नसेला बारीक बारीक फाटे फुटलेत, त्यातून या बाजूला रक्त झिरपतंय. पाट बंद पडला, तर शेजारच्या पाटाचं पाणी बांधावरून या शेतात येतं ना, तसं. मग हसायचे थांबले. "पण एक लक्षात ठेवा. आता एका पाटावर दोन शेतं भिजतायत. उद्या त्या पाटाला काही झालं तर दोन्ही जातील."

हे वाक्य मला पाठ आहे. मला समजलं नव्हतं असं मी कधी म्हणणार नाही. शेतात राबलेली बाई आहे मी, पाट मला कळतो.

पण नानांनी त्यातलं एवढंच उचललं — शंभर टक्के. पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखं सांगायचे हो! जो येईल त्याला. "मनी शंभर टक्का बंद शे." समोरचा म्हणायचा, माझ्या मेव्हण्याची नव्वद होती. की नानांचा चेहरा बघावा. नव्वद? नव्वद काय शे!

आणि मग ते खाटेवर बसले. बसले म्हणजे — तुम्ही काय समजता? महिनाभर? दीड वर्ष. गिरणीला कुलूप. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्या घ्या, हळूहळू चालत जा, पुढचं बघू. चालतोय कोण! पुढच्या खोलीत लोखंडी खाट, खाटेवर नाना, हाताशी स्टीलचा ग्लास. काही लागलं की तो ग्लास खाटेच्या दांडीवर वाजवायचे. टण् टण् टण्. पाणी दे. पंखा कमी कर. पंखा वाढव. उशी सरकली. कोण आलं बघ. कोणी आलं नाही? मग का आलं नाही बघ.

हाक मारली असती तरी चाललं असतं. पण हाक मारली की छातीवर ताण येतो म्हणे. ग्लासानं येत नाही.

माझं काय होतं त्या आधी, तेही ऐका. उन्हाळ्यात मी बिबडे करायचे. ज्वारीचे पापडच ते, लसूण-मिरची-तीळ घालून. मागच्या अंगणात माझ्याकडे बायका थापायला यायच्या, आणि धुळे-जळगावच काय, पुण्या-मुंबईला गेलेल्यांच्या घरी माझे बिबडे जायचे. त्या अंगणात मी राणी होते. हसू नका, होतेच. त्या दीड वर्षात एक बिबडा झाला नाही. पिठाचा घाटा शिजवायला घ्यावा आणि टण् टण्. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला मी गेले नाही. मुलगी सुरतेला दिलेली, तिला दिवस गेले तरी बघायला गेले नाही. रात्री स्वप्नातसुद्धा तो ग्लास वाजायचा आणि मी उठून बसायचे. नाना घोरत असायचे.

मी त्यांच्यावर चिडायचे का? चिडायचे. मनातून शिव्या द्यायचे. आजारी नवऱ्याला. लिहून घ्या.

मग कळलं की धुळ्याला एका दवाखान्यात नाशिकहून मोठे डॉक्टर येतात, अशाच जुन्या बंद नसा तारेनं उघडून देतात. छाती फाडायची नाही, काही नाही. मनगटातून आणि जांघेतून नळ्या घालायच्या, केसाएवढी तार त्या बंद जागेतून पलीकडे काढायची, आणि पलीकडे गेली की मग फुगा, मग स्टेंट. सगळं त्या तारेवर. नाना तयार होईनात. मी तयार केलं. कसं? भांडून. सकाळच्या धुळे पॅसेंजरनं गेलो, सोबत माझे दीर.

नानांना आत घेतलं आणि मी बाहेर बाकावर. वेळ किती गेला म्हणता! आधी गेलेला एक पेशंट चहा पिऊन परत वॉर्डात गेला, तरी आमचं चालूच. दीर कंटाळून जेवायला गेले. आणि नेमकं तेव्हाच आतून बोलावलं — "नातेवाईक कोण आहे? आत या."

मोठे डॉक्टर खुर्चीत बसले होते, अंगावरचा तो जड एप्रन नुकताच काढलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. माणूस थकलेला होता, मी खोटं बोलणार नाही. त्यांनी पडद्यावर दाखवलं. दोन्ही बाजूंनी रंग सोडलेला, म्हणून बंद जागेचं हे टोकही दिसत होतं आणि ते टोकही. मध्ये अंधार. "तार इथपर्यंत आली. पुढे चुन्यासारखं कडक झालंय. जोर केला तर तार नसेच्या भिंतीत शिरते, नस फाटू शकते. किडनीला सोसेल तेवढं रंगाचं औषध देऊन झालं. म्हणून आज थांबलो."

आज थांबलो. ऐकलंत? आज.

"दोन-तीन महिन्यांनी परत आणा," ते म्हणाले. "आज जी वाट पाडायचा प्रयत्न केला ती तोवर थोडी मऊ होते. शिवाय तेव्हा उलट बाजूनंही जाता येईल. डावीकडून, त्या बारीक फाट्यांमधून तार फिरवून मागच्या अंगानं. पुष्कळांची दुसऱ्या वेळेला उघडते." मी मान हलवत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "साहेब, त्यांना मी सांगते. फार घाबरट आहेत. तुम्ही त्यांच्याशी काही बोलू नका."

डॉक्टरांना यात काही वावगं वाटलं नाही. का वाटावं? आमच्याकडे पेशंटला खरं सांगायची रीतच नाही. डॉक्टर बोलणार नातेवाइकांशी, नातेवाईक ठरवणार पेशंटला किती सांगायचं. नानांनी स्वतः त्यांच्या आईला शेवटपर्यंत "पित्त शे, माय" सांगितलं होतं. म्हातारी पित्तानं गेली नाही. सगळ्या घराला माहीत होतं, फक्त तिला नव्हतं, आणि त्याला कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. माया म्हणतात. डॉक्टर एवढंच म्हणाले, "ठीक आहे. पण सांगा नक्की."

वॉर्डात नाना उताणे पडलेले. पाय सरळ ठेवायचा, हलवायचा नाही. तोंड सुकलेलं. आत जागेच होते ते, पण बोलणं सगळं इंग्रजीत, त्यातून गुंगीचं काहीतरी दिलेलं. मला बघून विचारलं, "काय व, खुलनी का?"

"खुलनी," मी म्हटलं.

"कितली?"

"शंभर टक्के."

असा हसला माणूस! दीड वर्षात पहिल्यांदा. तेवढ्यात दीर आले, मी त्यांना तेच सांगितलं. सुरतेला फोन लावला, मुलीला तेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या भावकीत नस खुलली. माझा शब्द आता मागे घ्यायलाच जागा राहिली नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, नवऱ्याला धीर यावा म्हणून बोललीस, त्यात काय एवढं? थांबा. हेच तर मला खपत नाही. मी त्यांच्यासाठी बोलले नाही. त्या वॉर्डात, त्यांच्या उशाशी उभी असताना माझ्या डोळ्यांपुढे नाना नव्हते. तो ग्लास होता. नाही खुलली म्हटलं की हा माणूस परत खाटेवर जाणार, आणि या वेळेला कायमचा. मी माझ्यासाठी बोलले. मला माझं अंगण परत हवं होतं. बस.

आणि मिळालं! हे का सांगू नये? घरी आल्यावर चार दिवसांत नाना उठले. खाट सोडली. पहिल्यांदा कोपऱ्यापर्यंत, मग बाजारापर्यंत, मग एक दिवस गिरणीची किल्ली मागितली. गोळ्या वेळेवर, तंबाखू बंद — "आता नवी नस शे, खराब कराले नको." छातीत आवळणं कमी झालं. खोटं सांगत नाही, खरंच कमी झालं. गावातल्या आमच्या डॉक्टरांना मी कागद दाखवले होते आणि तेच सांगितलं होतं, नानांना बोलू नका. ते म्हणाले, गोळ्यांचा आणि चालण्याचा गुण आहे. असेल. पण खाटेवरून उठवलं कुणी? गोळ्यांनी? गोळ्या दीड वर्ष चालूच होत्या की!

त्या श्रावणात आमच्याकडे कानबाई बसली. आमच्याकडे रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं घेतात — एकेका पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ. बायकांच्या नावाची मूठ नसते, हेही जाता जाता सांगून ठेवते. आदल्या दिवशी नानांनी गिरणी धुऊन काढली, त्या दिवशी फक्त रोटाचं दळण. गल्लीतला प्रत्येक जण डबा घेऊन आला. आणि विसर्जनाला नाना नदीपर्यंत नाचले. नाचताना ओरडत होते, "धुयानी नस शे ही, धुयानी!" धुळ्याची नस. लोक हसत होते. मीही हसत होते.

दोन-तीन महिने केव्हाच उलटले होते. दवाखान्यातून एका मुलीचा फोन आला होता, कधी आणताय म्हणून. मी म्हटलं, ते गावाला गेलेत. पुन्हा आला. मी म्हटलं, आता ते बरे आहेत, गरज नाही. मग फोन यायचे थांबले. मला सुटल्यासारखं झालं. कारण उघड आहे. दुसऱ्यांदा न्यायचं तर पहिल्यांदा जमलं नव्हतं हे सांगावं लागणार. आणि ते कळलं की हा माणूस पुन्हा दांडी वाजवायला बसणार. एका खोट्यानं मी त्यांना उठवलं, आणि त्याच खोट्यानं त्यांचा दुसरा दरवाजा बंद करून टाकला. दोन्ही मीच केलं. पहिल्याचं कौतुक घ्यायचं आणि दुसऱ्याचं नाव काढायचं नाही, असं कसं चालेल?

आता रशीदभाईंचं सांगते. गिरणीला लागून त्यांचं शिलाईचं दुकान. त्यांनाही तसंच, जुनी बंद नस. घाबरले बिचारे. आणि नाना काय गप्प बसणार! "भाई, मैं बैठा हूँ ना. मेरी देखो, शंभर टक्का थी." स्वतः घेऊन निघाले धुळ्याला. मी म्हटलं मीही येते. रशीदभाईंच्या घरचे म्हणाले, भाभीची किती माया! माया कसली? मला पहारा द्यायचा होता. त्या डॉक्टरांच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर?

रशीदभाईंची नस त्या दिवशी उघडली. पुढून तार गेली नाही, तर मागच्या अंगानं आणली. जसं आमच्यासाठी सांगितलं होतं, तसंच. मोठे डॉक्टर बाहेर आले, आणि नाना सरळ जाऊन त्यांच्या पाया पडले. "साहेब, तुमच्यामुळे उभा शे मी. खुलली ना माझी, तेव्हापासून पोतं उचलतो." डॉक्टर गोंधळले. नानांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नानांच्या मागे उभी होते. मी नुसती मान हलवली — नाही, नाही. त्यांना सगळं लक्षात आलं. चांगला माणूस. म्हणाले, "पोती उचलू नका. चालणं ठेवा." नाना खूश.

नंतर त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मावशी, अजूनही होण्यासारखं आहे. आज यांचं बघितलंत ना? घरी जाऊन सांगा त्यांना. त्यांचा हक्क आहे तो." मी म्हटलं, "सांगते."

नाही सांगितलं.

परत येताना गाडीत खिडकीशी बसून नाना भेळ खात होते आणि समोरच्या अनोळखी माणसाला नस उघडतात कशी ते हातवारे करून समजावत होते. सगळं चुकीचं सांगत होते. मी बाहेर बघत होते. तेव्हा सांगता आलं असतं का? आलं असतं. दुसऱ्या दिवशी? त्याच्या दुसऱ्या? रोज सांगता आलं असतं. रोज सकाळी मी चहा देत होते आणि रोज नाही सांगितलं. उन्हाळा आला की मागच्या अंगणात माझे बिबडे वाळायचे, बायकांची चेष्टामस्करी चालायची, आणि मी सुखात होते. हो, सुखात. पाप केलं आणि झोप उडाली असं काही माझं झालं नाही. छान झोप लागायची.

एकदा त्यांनी विचारलं. कानबाईच्याच आदल्या दिवशी, पुढच्या एका वर्षी. डॉक्टरांचं न ऐकता पोतं उचललं आणि छाती धरली. घरी आले, मी रोटाचे गहू निवडत होते. समोर बसले. "खरं सांग," म्हणाले, "खुलनी ना व ती?" आता इथे माझी परीक्षा होती. ताटात गहू, त्यातली सव्वा मूठ त्यांच्या नावाची. मी तीच मूठ हातात घेतली आणि म्हटलं, "कानबाईनी आण. खुलनी." नवऱ्याच्या नावाच्या गव्हावर हात ठेवून. त्यांनी हुश्श केलं. "मंग पित्त शे," म्हणाले आणि उठून गेले.

मंग पित्त शे. त्यांच्या आईला त्यांनी जे सांगितलं होतं, तेच त्यांनी स्वतःला सांगितलं. मला त्या वेळी हसू आलं होतं. लाज वाटायला हवी होती, पण आलं हसूच.

आता शेवटचं. इथवर आले तर तेही सांगते. खरं तर हेच सांगायचं होतं, बाकी सगळा फेरा घातला.

मागच्या चैत्रात सकाळी चहा घेताना नाना म्हणाले, "आज जरासं जड वाटस." मी म्हटलं, रात्री शेवभाजीवर ताव मारला, जड वाटेल नाही तर काय? गिरणीवर गेले नाहीत. पुढच्या खोलीत खाटेवर आडवे झाले. मी मागच्या अंगणात. बिबड्यांचा घाटा नुकताच चुलीवरून उतरवला होता. घाटा गरम असतो तोवरच थापायचा असतो. गार झाला की बिबडा चिरतो, मग त्याला कुणी विचारत नाही. पाण्यात हात बुडवायचा, गोळा घ्यायचा, कापडावर भराभर थापायचा. आम्ही चौघी-पाच जणी वाकून थापत होतो.

आणि टण् टण् टण्.

इतक्या वर्षांनी. ग्लास.

मला काय वाटलं सांगू? काळजी? नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आलं! पुन्हा आलं ते! एवढं सगळं केलं, कानबाईची खोटी आण घेतली, आणि पुन्हा तेच सुरू? शेजारची बाई म्हणाली, "अक्का, नाना बलाई ऱ्हायनात." मी म्हटलं, "वाजू दे. त्यास्ले सवय शे."

पुन्हा वाजलं. या वेळेला हळू. मी गोळा घेतला आणि थापला.

पातेल्यात अर्धा घाटा होता. मी तो सगळा थापला. बायका माझ्याकडे बघत होत्या. मग मी उठले. हात धुतले, कोपरापर्यंत, नीट. पदराला पुसले. आणि मग आत गेले.

पुढचं गाव जाणतं. रिक्षात घातलं, दवाखान्याच्या फाटकाशी पोचायच्या आत संपलं होतं. आमच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, अक्का, बहुतेक डावीकडची गेली. मला त्यापुढचं समजावून सांगायची गरज नव्हती. एक पाट, दोन शेतं. उजवीकडची उघडी असती तर एखादं शेत वाचलं असतं का, मी वेळेवर उठले असते तर काही झालं असतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. तुम्हालाही विचारत नाही.

पण रिक्षा येण्याआधी, खोलीत — नाना खाटेवर बसलेले होते, भिंतीला टेकून, बनियन घामानं भिजलेलं. ग्लास मांडीवर. माझ्याकडे बघितलं. रागावलेले नव्हते. मी उशिरा का आले हेही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "खुलनी व्हती ना व?"

मी त्यांच्या हातातून ग्लास काढून घेतला.

"हाव," म्हटलं. "शंभर टक्के."